व्यंकटरावांचं मुंडण

आमच्या ह्यांनी जन्मात एकदाच नवस केला आणि तो फेडायला असा मुहूर्त गाठला की तालुक्यात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. मी केव्हाची म्हणत होते, निकाल लागलाय, तिरुपतीला जाऊन डोकं उतरवून या, देवाचं राहिलेलं बरं नसतं. पण व्यंकटराव म्हणजे व्यंकटराव. आधी ऊस जाऊ द्या, मग हरभरा निघू द्या, मग पोरीला सुट्टी मिळू द्या. असं करता करता वर्ष उलटून गेलं.

नवस होता बन्सीधरराव पडावेत म्हणून.

बन्सीधरराव म्हणजे आमचे आमदार. त्यांची माणसं त्यांना साहेब म्हणायची आणि आमचे हे 'तो' म्हणायचे. साहेबांनी कॉलेज काढलं, कुणाची बाळंतीण अडली तर स्वतःची जीप पाठवली, हे खरं. त्याच कॉलेजात शिपाई व्हायला लोकांना शेत विकावं लागलं आणि आमच्या शिवाराला यायची कालव्याची चारी वळून साहेबांच्या मोसंबीत गेली, हेही खरं. त्यामुळं आमच्या भागात निम्म्या घरांत साहेबांचा फोटो देव्हाऱ्याशेजारी होता आणि निम्म्या घरांत त्यांचं नाव निघालं की लोक चूळ भरायचे. मधलं कुणी नव्हतं.

त्या चारीच्या पाण्यासाठी हे आणि सिद्धोधन गुरुजी उभी हयात भांडले. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. देव, नवस, अंगारा यातलं काही न मानणारे, आणि तसं तोंडावर सांगणारे. दोघांनी मोर्चे काढले, उपोषणाला बसले, दर निवडणुकीत साहेबांच्या विरोधात जो उभा राहील त्याच्यासाठी उन्हातान्हात फिरले आणि दर वेळी हरून माझ्याकडं चहा प्यायला आले. दोघांचं एक ठरलेलं भाषण होतं. गुरुजी म्हणायचे, "नवसानं पाणी येत नसतं," आणि हे म्हणायचे, "भांडून येत असतं." पाणी दोन्हीनंही आलं नव्हतं, पण टाळ्या यायच्या.

असल्या आमच्या ह्यांनी मागच्या निवडणुकीच्या वेळी कोरड्या चारीच्या काठावर उभं राहून, टोपी काढून, दक्षिणेकडं तोंड करून हात जोडले. "बालाजी महाराज, ह्याला एकदा पाडा. केस देतो, मिशी बी देतो." मी भाकरी घेऊन गेले होते म्हणून ऐकलं. मला बघून दचकले आणि म्हणाले, "गुरुजीला बोललीस तर बघ."

साहेब पडले. थोडक्यात पडले, पण पडले.

तर शेवटी आम्ही निघालो. गुरुजींना सांगितलं, आमच्या भक्तीकडं हैदराबादला जातोय. ते अगदीच खोटं नव्हतं. भक्ती तिथं नोकरीला आहे, तिच्याकडं मुक्काम करून पुढं तिरुपती. निघताना कानावर आलं होतं की साहेबांना दवाखान्यात ठेवलंय. हे म्हणाले, "नाटक हाय. लोकांची माया पायजे त्याला आता." तिरुपतीला केस गेले, मिशी गेली. हे समोरून आले तर मी ओळखलं नाही. नाक केवढं मोठं आहे ते मला लग्नानंतर पहिल्यांदा दिसलं.

परतीला सकाळी गंगाखेडला उतरलो तर स्टेशनाबाहेर एक दुकान उघडं नाही. चहाची टपरी बंद, पानाची टपरी बंद. ह्यांचा फोन गाडीतच मेला होता.

"बंद हाय वाटतं," हे म्हणाले. "कुणाचं आंदोलन हाय, आन मला कसं माहीत न्हाई?"

एवढ्यात एका जीपमधून पांढऱ्या कपड्यांतला घोळका उतरला. पुढं दिनकरराव. दिनकरराव म्हणजे साहेबांचा उजवा हात. साहेबांना शिंक आली तर रुमाल दिनकररावांच्या खिशातून निघायचा. त्यांनी आमच्या ह्यांचं डोकं बघितलं, मिशीची रिकामी जागा बघितली. आमच्याकडं मिशी उतरवतात ती बाप गेल्यावर. दिनकररावांनी तिथंच हंबरडा फोडला आणि ह्यांच्या गळ्यात पडले.

"व्यंकटराव! तुमी केलंत! तुमी!"

"काय केलं?"

"गेले वो साहेब! रात्रीच गेले!"

ह्यांच्या हातातली पिशवी गळून पडली. तिच्यात प्रसादाच्या लाडवांचा डबा होता, तो मी आधी उचलला. हे तोंड उघडं ठेवून उभे. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "मी... आत्ताच तिरुपतीहून..."

तेवढं बोलले नसते तर बरं झालं असतं.

"तिरुपतीहून!" दिनकरराव मागं वळून ओरडले. "बघा रे! साहेब दवाखान्यात पडलेले, आन हा माणूस साहेबांसाठी देवाला केस द्यायला गेला! जिंदगीभर भांडला, पण इमान बघा!" लगेच चार फोन वर झाले. एकानं ह्यांना उजेडाकडं तोंड करायला लावलं.

मी ह्यांचा सदरा ओढला. "सांगा की खरं काय ते."

"काय सांगू?" हे हळूच म्हणाले. "मढं घरात हाय अजून त्यांच्या."

ह्यांचं म्हणणं मला क्वचितच पटतं, पण त्या वेळी पटलं.

आम्ही गावात पोचायच्या आधी फोटो गावात पोचला होता. गावाचं काय सांगावं. एकाच्या फोनवर 'काळाचा घाला', दुसऱ्याच्या फोनवर 'देव आहे'. वरच्या आळीत बायका रडत होत्या, खालच्या आळीत कुणीतरी फटाक्यांची माळ लावून पळून गेलं. किराणावाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं होतं. साहेबांच्या माणसांना ते बंद दिसायचं आणि बाकीची माणसं वाकून आत जाऊन साखर घेऊन यायची.

मी पाय धुते न धुते तोच शेजारची कडूबाई आली. तिच्या पोराला साहेबांच्या कॉलेजात नोकरी मिळता मिळता राहिली होती, तेव्हापासून ती चूळ भरणाऱ्यांतली. तिनं डबा बघितला आणि डोळे मिचकावले.

"लाडू आणलाव की! वाट ना मग. लपवायलीस कामून?"

"अगं, प्रसाद हाय तो. तिरुपतीचा."

"कशाचा का असना. आज गोड खायचाच दिस हाय." आणि तिनं हात पुढं केला.

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं. आज लाडू वाटला तर वरची आळी म्हणणार, साहेब गेले म्हणून व्यंकटराव तोंड गोड करायलेत. न वाटावा तर प्रसाद घरात कोंडून ठेवल्याचं पाप. म्हणजे डोक्यानं हे साहेबांचे झाले होते आणि डब्यानं साहेबांच्या विरोधातले, आणि मधे मी.

दिवस कलताना सिद्धोधन गुरुजी आले. नेहमी सरळ आत येऊन बाजेवर बसणारा माणूस, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"हैदराबाद कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"भक्ती बरी हाय," हे म्हणाले.

"आन बालाजी?"

मी चहाचं आधण ठेवलं होतं, ते उकळत राहिलं.

"कशाचा नवस होता, व्यंकटराव?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, छताकडं बघितलं. नवस केला हे सांगायची लाज, आणि तो कशासाठी केला हे सांगायची त्याहून मोठी लाज. त्यात माणूस कालच गेलेला. शेवटी म्हणाले, "घरगुती होता."

"घरगुती. बरं." गुरुजींनी पायात चप्पल सरकवली. "देव माना, नका मानू, मी कधी तुमच्यावर जबरदस्ती केली न्हाई. खोटं बोलायचं न्हाई एवढंच होतं आपलं." आणि चहा न घेता गेले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्या दारातून चहा न घेता गेले.

त्यानंतर ह्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. गावानं नावं ठेवलेली ह्यांना चालायची, त्यात ह्यांचा जन्म गेला. पण गुरुजी पारावर बसले की हे मागच्या बोळातून जायला लागले. एकदा भाकरी मोडता मोडता थांबून मला म्हणाले, "अगं, मी पाडा म्हणलं होतं. उचला म्हणलं नव्हतं मी. देवानं जास्तीचं तर केलं नसंल ना?"

"देवाला काय तुमचंच एक काम हाय का? जेवा गुमान," मी म्हणाले. पण त्यांच्या जिवाला ते लागलंय हे मला कळत होतं.

तिकडं दिनकररावांनी चौकात फ्लेक्स लावला. वर साहेब, खाली शोकाकुल मंडळींची रांग, सगळे केसाळ आणि गॉगलवाले, आणि मधोमध आमचं चकचकीत डोकं. आमच्या बाजूच्या कुणीतरी त्याला कोळशानं मिशी काढली. तेव्हा कुठं हे ओळखू यायला लागले.

तेरवीच्या दिवशी दारात जीप उभी राहिली. दिनकरराव उतरले. "काकूंनी बोलावलंय. व्यंकटरावांना आणल्याबिगर येऊ नको म्हणल्यात." काकू म्हणजे कमलबाई, साहेबांच्या मालकीण.

हे बराच वेळ डोक्यावरून हात फिरवत बसले. केसांचे खुंट आले होते. मग उठले. "चल. आज सांगून टाकतो. मारलं तर मारलं." मी लाडवांचा डबा बरोबर घेतला. घरी ठेवला असता तर कडूबाईनं गावभर वाटून ठेवला असता.

ह्यांनी जीप गुरुजींच्या दारात थांबवायला लावली. "गुरुजी, चला. तुमच्यासमोर बोलायचंय मला."

गुरुजी कपडे घालून तयारच होते. "मी निघालोच होतो. माणूस मेल्यावर भेटायला जायाचं असतंय, मग तो कुणी असंना," म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले. बंगल्यापर्यंत जीपमध्ये एकटे दिनकररावच बोलत होते.

बंगल्यापुढं मांडव. पंगती उठत होत्या. साहेबांचे दोन्ही मुलगे नमस्कार करत उभे होते, आणि दोघांच्याही डोक्यावर केस जिथल्या तिथं. थोरल्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं आणि फ्लेक्सचे फोटो आधीच काढून झाले होते. फ्लेक्सवर केस आणि समोर टक्कल, मग मतदारांनी ओळखायचं कसं? म्हणून दहाव्याला गोदावरीच्या घाटावर न्हाव्यानं दोघांची एकेक बट कापली आणि भागवलं. दिनकररावांच्या केसांना तर ताजा कलप होता. एवढ्या मोठ्या मांडवात डोकं उतरवलेला माणूस एकच, आणि तो आमचा.

कमलबाई आतल्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. बाई अंगानं लहानखुरी, पण नजर अशी की समोरच्यानं आपणहून पदर सावरावा. त्यांनी दिनकररावांना बाहेर पाठवलं, दार लोटून घेतलं आणि आम्हा तिघांना बसायला सांगितलं.

"तिरुपतीला गेलतात म्हणं," त्या ह्यांना म्हणाल्या. "दिनकर सांगायलाय, साहेबांसाठी गेलतात. मला ते खरं वाटंना. कशाचा नवस होता?"

ह्यांच्या डोक्यावर घाम आला आणि लपवायला केसही नव्हते. ह्यांनी कमलबाईंकडं बघितलंच नाही, गुरुजींकडं बघितलं आणि त्यांनाच सांगितल्यासारखं म्हणाले, "वहिनी, मी नवस केला होता. साहेब पडावेत म्हणून." ह्यांच्या तोंडून 'साहेब' मी पहिल्यांदा ऐकलं. "नुसतं पाडा म्हणलं होतं. ह्या पुढचं मी मागितलं न्हाई वहिनी. आमच्या भक्तीची शपथ." आणि हे रडायला लागले. पोलिसांची लाठी खाऊन हसत घरी आलेला माणूस, उपरण्यात तोंड खुपसून रडत होता.

गुरुजी पंख्याकडं बघत होते. दाराबाहेर दिनकररावांचा आवाज येत होता, आणि मी देवाला म्हणत होते, आत येऊ देऊ नको.

कमलबाईंनी पाण्याचा तांब्या ह्यांच्यापुढं सरकवला. मग त्यांनी विचारलं, "कधी केलता?"

"मागच्या निवडणुकीला."

"मग माझा तुमच्या आधीचा हाय."

ह्यांनी उपरणं खाली केलं.

"मी दर निवडणुकीला तुळजापूरच्या आईला म्हणायची, एकदा पाड गं बाई ह्यांना, घरी येऊ दे. पण लोक निवडूनच द्यायचे. घरात निसता राबता, आन नवरा बघायचा तर पोस्टरवर." त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. "ह्या बारीला ऐकलं तिनं. येक वरीस घरात होते. अंगणात बसून शेंगा फोडायचे. वरणात मीठ कमी हाय म्हणून माझ्याशी भांडले. एवढ्या वर्षांत वरण कसं झालंय हे कधी बोलले नव्हते वो. मी मुद्दाम कमी टाकायला लागले."

मला रडू आलं. मी कमलबाईंचा हात धरला तर त्यांनीच माझा थोपटला.

"आन मरायचं म्हणाल व्यंकटराव, तर ते त्यांचं त्यांनी केलं. शुगरच्या गोळ्या खिडकीतून फेकायचे. माझ्या जास्वंदीच्या बुडाला ढीग सापडला. तुमच्या देवावर आळ घेऊ नका आन माझ्या देवीवर बी नको." मग त्यांचं लक्ष माझ्या मांडीकडं गेलं. "प्रसाद हाय का त्यात?"

मी झाकण काढलं. कोपऱ्यात दोन मुंग्या होत्या, त्या त्यांनीच फुंकून काढल्या आणि डबा उचलून त्या उठल्या.

"काकू, तुमी कशाला? मी वाटतो ना," दिनकरराव दारातच धावले.

"मीच वाटते. तोंड मिटून हात पुढं कर."

मांडवात आधीच्या पंगती उठल्या होत्या. कमलबाईंनी लाडू फोडून फोडून एकेकाच्या हातावर ठेवला. दिनकररावांनी दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला. "साहेबांसाठीच्या नवसाचा प्रसाद!" ते मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले.

"साहेबांच्याच नवसाचा हाय," कमलबाई म्हणाल्या. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मग सगळ्यांनी खाल्ला. थोरल्यानं खाल्ला, धाकट्यानं खाल्ला, कार्यकर्त्यांनी मागून मागून खाल्ला. निवडणुकीत आमच्या अंगावर जीप घालायला आलेला एक जण होता, त्यानं बोटं चाटली. मी पदर तोंडात कोंबून उभी होते. हसायची भीती की रडायची, माझं मलाच कळत नव्हतं.

गुरुजींनी तुकडा तळहातावर धरला होता. "मी प्रसाद खात न्हाई वहिनी," ते कमलबाईंना म्हणाले. "निकालाच्या दिवशी व्यंकटराव पेढा द्यायचे राहिले होते. तो समजून खातो." खाल्ला. मग आमच्या ह्यांच्या कानाशी वाकले. "आन ते नवसानं न्हाई पडले. आपण दोघं दारोदार फिरलो म्हणून पडले."

"अर्धं अर्धं धरा की, गुरुजी."

"न्हाई धरणार."

"पाव तरी."

"व्यंकटराव, मोजणी मतांची झाली, केसांची न्हाई."

दोघांची तिथंच मांडवाच्या खांबाला टेकून जुंपली. माझ्या जिवाला बरं वाटलं. संध्याकाळी चहाला दूध पुरेल का, याचा मी विचार करायला लागले.

डबा संपला. तळाला एक तुकडा उरला होता. कमलबाई तो घेऊन साहेबांच्या हार घातलेल्या फोटोपाशी गेल्या. पंगतीची गडबड होती, कुणाचं लक्ष नव्हतं. मी डबा घ्यायला मागं उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

"घ्या," त्या फोटोला म्हणाल्या. "तुमी घरी आल्याचा हाय."

तुकडा फोटोपुढं ठेवून त्या थोडा वेळ तशाच बसल्या. मग त्यांनी तो उचलला आणि स्वतः खाल्ला.